नंदीची बदली

आमच्या जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी खिद्रापूर नावाचं एवढंसं गाव आहे. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात नंदीच नाही! सती नंदीवर बसून माहेरच्या यज्ञाला गेली, म्हणून महादेव कोपले. समजूत घालायला विष्णू आले, ते गाभाऱ्यात शेजारीच राहिले. नंदी मात्र नदीपलीकडे यडूरला. पूर्वी दोन्ही गावं मुंबई राज्यातच. १ नोव्हेंबर १९५६ ला यडूर म्हैसूर राज्यात गेलं. न मागता बदली झालेले आम्ही बँकेत पुष्कळ पाहिले. पण साहेब महाराष्ट्रात नि वाहन कर्नाटकात? सिंघण यादवाचा तेराव्या शतकातला दानलेख दगडावर शाबूत आहे, खाडाखोड नाही. सीमेचा दावा २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला. २०१९ च्या महापुरात कृष्णामाई मात्र दोन्ही राज्यांत शिरली.