समुद्राने बुडवले, की किनाऱ्याने?

बोट बुडाली की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, ‘समुद्र खवळला होता.’ दुसरे, ‘अल्लाहची मर्जी.’ दोन्ही वाक्यांत खोटे काही नाही. पण या दोन वाक्यांवर बोलणे थांबले की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. बोटीत किती वजन होते? ते कुणी मोजले होते? लाइफ जॅकेट होती का? आणि असलीच तर ती अंगावर होती, की फळीखाली?

या प्रश्नांचा इतिहास समजून घ्यायचा तर अलास्काच्या खेकडा मासेमारीइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, रशियाच्या समोर, बेरिंग समुद्र आहे. तिथला ‘किंग क्रॅब’ नावाचा खेकडा एवढा मोठा होतो की त्याच्या पायांची पसरण दीड मीटरच्या वर जाऊ शकते. त्याला पकडायला लोखंडी चौकटीचे, जाळी लावलेले पिंजरे वापरतात. एक रिकामा पिंजरा तीनशे किलोच्या आसपास भरतो. असे शंभर-दोनशे पिंजरे जहाजाच्या डेकवर एकावर एक रचायचे आणि ऐन थंडीत निघायचे. तुषार उडाले की पिंजऱ्यांवरच गोठतात. बर्फ चढत जातो, जहाज वरच्या बाजूला जड होत जाते. ज्याचे वजन वर आणि तळ हलका, ते एका मोठ्या लाटेने कलंडते आणि पुन्हा सरळ होत नाही. आपल्या होडीत चार माणसे एकदम उभी राहिली की होडी जशी डळमळते, तसेच हे.

1980 साली ब्रिस्टल बे या भागातून जवळपास 13 कोटी पाउंड, म्हणजे सुमारे 59 हजार टन, किंग क्रॅब निघाला. अलास्कात पैशांचा पाऊस पडला आणि कर्ज काढून नव्या बोटी बांधल्या गेल्या. पुढच्या दोन वर्षांत खेकडा दिसेनासा झाला. 1983 मध्ये तर तिथली किंग क्रॅबची मासेमारीच बंद ठेवावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र बंद झाले नाहीत. मग मालकांनी खेकड्याच्या बोटींवर ट्रॉलिंगची अवजड यंत्रे बसवली, म्हणजे खेकडा नसेल तेव्हा दुसरी मासळी पकडता येईल. बोट तीच राहिली आणि तिच्यावरचे वजन वाढले.

14 फेब्रुवारी 1983 रोजी ‘अमेरिकस’ आणि ‘अल्टेअर’ ही दोन जहाजे डच हार्बर बंदरातून निघाली. दोन्ही वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकॉर्टिस या छोट्या गावची होती. जहाजे चांगली बांधलेली आणि तांडेल अनुभवी. त्याच दिवशी ‘अमेरिकस’ उलटी तरंगताना दिसली. ‘अल्टेअर’ कधीच सापडली नाही. दोन्हींवरची मिळून चौदा माणसे गेली, एकही वाचला नाही. तेव्हा मोठे वादळही नव्हते. चौकशीत पुढे आले ते असे, की जहाजाचा तोल किती वजनापर्यंत टिकेल याचा जो हिशेब कागदावर होता, तो प्रत्यक्षातल्या वजनाशी जुळत नव्हता. नव्या यंत्रांनी जहाज जड झाले होते. तांडेलाने कागदावर भरवसा ठेवून पिंजरे चढवले. चूक बंदरातच झाली होती, समुद्रात फक्त तिचा परिणाम दिसला.

त्या काळात अमेरिकेत प्रवासी जहाजांसाठी कडक कायदे होते, मासेमारीच्या बोटींसाठी जवळजवळ नव्हतेच. मच्छीमार म्हणजे स्वतंत्र, धाडसी माणूस, त्याला कुणी शिकवू नये, अशी समजूत होती. बोटमालक आणि विमा कंपन्या दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत. मेलेल्यांची घरे विखुरलेली, त्यांचा आवाज राजधानीपर्यंत पोचत नव्हता.

1985 च्या उन्हाळ्यात पीटर बॅरी नावाचा वीस वर्षांचा कॉलेज विद्यार्थी सुट्टीत काम करायला अलास्काला गेला. ‘वेस्टर्न सी’ ही लाकडी, जुनी, सॅमन मासळी पकडणारी बोट कोडियाक बेटाजवळ बुडाली आणि तिच्यावरचे सगळे गेले. पीटरचे वडील रॉबर्ट बॅरी अमेरिकेचे राजदूत होते. पुढे त्यांनी इंडोनेशियात राजदूत म्हणून काम केले आणि युद्धानंतरच्या बोस्नियात आंतरराष्ट्रीय मिशनचे प्रमुख झाले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पेगी यांनी मुलाच्या मृत्यूला ‘नशीब’ म्हणून सोडून दिले नाही. समुद्रात मुलगे आणि नवरे गमावलेल्या इतर घरांना त्यांनी शोधून काढले, खासदारांच्या दारात उभे केले. अखेर 9 सप्टेंबर 1988 रोजी मासेमारी बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला. थंड पाण्यात टिकवणारा पोशाख, फुगणारी तराफा-बोट, बुडताना आपोआप संदेश पाठवणारे यंत्र आणि खलाशांचा सराव या गोष्टी सक्तीच्या झाल्या.

यात एक बोचरी गोष्ट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शेकडो खलाशी आधीही मेले होते. कायदा हलला तो राजदूताचा मुलगा गेल्यावर. गरिबाच्या मृत्यूला आकडा म्हणायचे आणि वजनदार घरातल्या मृत्यूला प्रश्न, ही रीत फक्त आपल्या देशातली नाही. पण बॅरी दांपत्याने आपले वजन फक्त आपल्या मुलासाठी वापरले नाही, हेही त्याच इतिहासात आहे.

कायद्याने लोक वाचू लागले, पण जहाजे बुडायची थांबली नाहीत. 1990 च्या दशकात बेरिंग समुद्राच्या खेकडा मासेमारीत सत्तरहून अधिक माणसे मेली. कारण शोधताना लक्षात आले की हंगामाची पद्धतच जीवघेणी आहे. सरकार ठरवायचे की यंदा एकूण इतका खेकडा काढायचा. ठरल्या दिवशी सगळ्या बोटी एकदम सुटायच्या आणि तेवढा माल निघाला की हंगाम बंद. म्हणजे शर्यतच. शेवटी शेवटी किंग क्रॅबचा हंगाम तीन-चार दिवसांवर आला होता. वादळ आले म्हणून जो बंदरात थांबला, त्याची वर्षाची कमाई गेली. खलाशी दोन-दोन दिवस झोपत नसत. पिंजरे जितके जास्त तितकी कमाई जास्त, म्हणून डेक खच्चून भरत. अशा ठिकाणी ‘काळजी घ्या’ असे पत्रक वाटून काय होणार?

ऑक्टोबर 1999 पासून तटरक्षक दलाने साधी गोष्ट सुरू केली. हंगामाआधी बंदरात जाऊन प्रत्येक जहाजावरचे पिंजरे तोलाच्या कागदाशी ताडून पाहायचे. जास्त असतील तर जहाज सोडायचे नाही. मृत्यू लगेच कमी झाले. 15 जानेवारी 2005 रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ‘बिग व्हॅली’ बुडाली. तिने परवानगीपेक्षा कितीतरी जास्त पिंजरे लादले होते. सहापैकी एकच माणूस वाचला. त्याच वर्षी शर्यतीची पद्धत संपली आणि प्रत्येक बोटीला तिचा वाटा आधीच ठरवून मिळू लागला. आता वादळ आले तर थांबता येत होते, कारण आपला खेकडा दुसरा कुणी नेणार नव्हता. हंगाम दिवसांवरून महिन्यांवर गेला आणि मृत्यू आणखी घटले.

या सुधारणेची किंमत मात्र गरिबांनीच मोजली. किंग क्रॅबला जाणाऱ्या सुमारे अडीचशे बोटी पहिल्याच वर्षी शंभराच्या आत आल्या. शेकडो खलाशांची कामे गेली. वाटा मालकांच्या नावावर झाला. काही जण तर किनाऱ्यावर बसून तो भाड्याने देऊ लागले. जीव वाचले हे खरे, रोजी गेली हेही खरे.

शर्यत संपली तरी हिशेब चुकायचा राहिला नाही. 11 फेब्रुवारी 2017 रोजी ‘डेस्टिनेशन’ हे जहाज सहा माणसांसह बुडाले. कागदावर एका पिंजऱ्याचे वजन 700 पाउंड धरले होते, प्रत्यक्षात ते 840 च्या आसपास होते. वर्गात घालावे असे हे गणित आहे. एका पिंजऱ्यामागे सुमारे 63 किलोचा फरक, दोनशे पिंजरे, म्हणजे साडेबारा टन वजन कुणाच्याच हिशेबात नव्हते. त्यावर बर्फ चढला तो वेगळा. 31 डिसेंबर 2019 रोजी ‘स्कँडीज रोज’ गेली. तिथेही बर्फ आणि तोलाचा चुकीचा हिशेब. सातपैकी दोघे वाचले, दोघांनीही थंड पाण्यातला पोशाख घातलेला होता.

आता कोकणाकडे येऊ. रत्नागिरीच्या जुन्या गॅझेटियरमध्ये मासेमारी करणाऱ्या मुस्लिम दालदी समाजाची नोंद आहे. कोकणी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या आगबोटींवर खलाशी म्हणून जग फिरल्या. समुद्र आपल्या घरातला आहे. आणि 17 जुलै 1947 ची ‘रामदास’ही आपल्या आठवणीत आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट भर पावसात लाटेने कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला सरकले आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती प्रवासी बोट होती, खेकड्यांची नव्हे. पण वजन एका बाजूला गेले की बोट उलटते, हा नियम अलास्कात आणि अलिबागेत वेगळा नाही. त्या दिवशी मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी कित्येकांना पाण्यातून ओढून काढले, हेही विसरू नये.

आपल्याकडे जून-जुलैची बंदी संपली की पहिल्या मासळीसाठी घाई होते. वाडवडील नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत, कारण तोवर समुद्र पुरता शांत झालेला नसतो. आज मालकाचा हप्ता आणि डिझेलचा खर्च थांबू देत नाही. ही आपली शर्यत आहे. खाडीत कुर्ल्या-चिंबोऱ्या पकडायला एकटाच छोटी होडी घेऊन जाणारा माणूस तर कुठल्याच नोंदीत नसतो.

पवित्र कुरआनात एकच चित्र अनेकदा येते. वादळात सापडलेले लोक नावेत कळवळून अल्लाहला पुकारतात, आणि किनाऱ्याला लागले की विसरतात. मला हे चित्र बोटमालकांना आणि अधिकाऱ्यांनाही लागू वाटते. दुर्घटनेनंतर चार दिवस चौकशी, मग विसर. हजरत नूह यांनी मात्र नाव कोरड्या जमिनीवर, पूर येण्याआधी बांधली. जाणारे-येणारे त्यांची थट्टा करत होते. होडीत बसतानाच लाइफ जॅकेट बांधणाऱ्या पोराची आज जेटीवर थट्टा होते, ती याच जातीची. तवक्कुल म्हणजे तयारी सोडणे नव्हे.

बुडून मेलेल्याला शहादतचा दर्जा मिळतो, असे हदीसमध्ये आहे. तो दिलासा त्याच्या आईला आणि बेवेसाठी आहे. बोटीत जास्त माल भरणाऱ्याला त्यातून सूट मिळत नाही.

अमेरिकेत 2000 ते 2016 या काळात 204 मच्छीमार बोटीवरून पाण्यात पडून मेले. त्यांतल्या एकाच्याही अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. पोहता येते म्हणून जॅकेट नको, हा आपल्याकडचा युक्तिवाद त्यांनाही ठाऊक होता. डोक्याला मार लागला किंवा जाळ्यात पाय अडकला की पोहणे उपयोगी पडत नाही.

म्हणून निघण्याआधी किनाऱ्यावरच काही गोष्टी करता येतात. जॅकेट अंगावर घालावे. जाळी, बर्फ, डिझेल, माणसे यांचे वजन धरून चालावे, आणि जड सामान तळाशी ठेवावे. हवामान खात्याचा इशारा आणि भरती-ओहोटीची वेळ पाहावी. कुठे जातोय, कधी परतणार, हे घरात सांगावे, आणि खाडीतही शक्यतो एकट्याने जाऊ नये. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावा. तटरक्षक दलाचा 1554 हा मदतीचा क्रमांक बोटीवरच्या प्रत्येकाला, अगदी नव्या पोरालाही, पाठ असावा. आणि तांडेलाने ‘आज नको’ म्हटले, तर त्या दिवसाची मजुरी खलाशाच्या खिशातून जाणार नाही, एवढे मालकांनी आपापल्या जमातीत बसून ठरवावे. त्यासाठी कुणा राजदूताच्या मुलाची वाट पाहायला नको.