फिरणं आणि थांबणं

१९७० च्या दशकातली एखादी अमेरिकन शेवर्ले पिकअप घ्या, मागच्या चाकांवर चालणारी. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय, म्हणजे पुढची ब्रेक डिस्क बदलायला आली. त्यात काय मोठंसं? चाक काढा, कॅलिपर सोडवा, जुनी डिस्क काढा, नवी लावा. पण डिस्क निघतच नाही! आधी हबची टोपी उघडायची, स्प्लिट पिन ओढायची, नट सोडवायचा, वॉशरसकट बाहेरचं बेअरिंग हातात घ्यायचं. मग कुठे डिस्क बाहेर येते, तीही पोटात आतलं बेअरिंग आणि ऑइल सील घेऊन. म्हणजे ब्रेकचं काम काढलं आणि बेअरिंगचं गळ्यात पडलं.

आपण कोड लिहिणारे लोक याला टाइट कपलिंग म्हणतो. डिस्क आणि हब हा बिडाचा एकच ओतीव तुकडा आहे. गंमत म्हणजे त्या तुकड्यात दोन वेगळे इतिहास एकत्र आलेत. एक चाक सहज कसं फिरेल याचा, दुसरा ते हुकमी कसं थांबेल याचा.

आधी फिरण्याचं बघू. वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या माणसाने १७९४ मध्ये बग्गीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. पुढे १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ ही सायकल शर्यत जेम्स मूरने जिंकली, ती बॉल बेअरिंगवाल्या सायकलवर. पण सायकल वेगळी आणि माल भरलेली गाडी वेगळी. गाडी वळते तेव्हा चाकावर नुसतं वरून वजन येत नाही, आडवा रेटाही येतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने यावर उत्तर काढलं. त्याने गोळ्यांऐवजी निमुळते रोलर वापरले. रोलर तिरके बसल्यामुळे वजन आणि आडवा रेटा दोन्ही झेलले जातात. पेटंट १८९८ चं, म्हणजे मोटारींचा जमाना नुकता सुरू होत होता तेव्हाचं. बग्गीसाठी काढलेली युक्ती पुढे पिकअपच्या हबमध्ये जोडीने जाऊन बसली, एक बेअरिंग आत, एक बाहेर. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला ‘हब ग्रीसिंग’ म्हणतात, ते याच जोडीचं काम.

आता थांबण्याकडे येऊ. डिस्क ब्रेक ही काही अलीकडची आयडिया नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण त्याच्या ब्रेकमध्ये धातूच्या डिस्कवर तांब्याची पट्टी घासायची आणि कानठळ्या बसतील असा आवाज व्हायचा. त्यात तेव्हाचे धुळीचे रस्ते, आणि डिस्क पडली उघडी. मग बाजी मारली बंदिस्त ड्रम ब्रेकने.

आवाजाचा प्रश्न सोडवला हर्बर्ट फ्रूडने. डर्बीशायरच्या चढउतारांवर गाडीवाले ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुने बूट ठोकतात हे बघून त्याला घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली, असं सांगतात. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची फेरोडो कंपनी ॲस्बेस्टॉसचं अस्तर बनवू लागली. उष्णता सोसणारं, टिकाऊ, शांत. सगळं छान. फक्त त्याची धूळ फुफ्फुसात गेली की दशकांनंतर कॅन्सर होऊ शकतो, ही किंमत मेकॅनिक आणि कारखान्यातले कामगार मोजत राहिले. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी घातली. अमेरिकेत तसा नियम व्हायला २०२४ उजाडलं! म्हणून जुन्या गाडीचा ब्रेक उघडल्यावर हवेच्या पाइपाने धूळ उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची. एवढं तरी आपण आपल्या गॅरेजवाल्याला सांगायलाच हवं.

असो. ड्रमची खरी अडचण उष्णतेची होती. लांब उतारावर ड्रम तापतो, तापला की फुगतो, आणि आतल्या ब्रेक शूजपासून लांब सरकतो. पेडल खाली जात राहतं, गाडी मात्र थांबत नाही. डिस्क उघड्या हवेत असल्यामुळे लवकर थंड होते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते. युद्धकाळात विमानांना डिस्क ब्रेक लागले. मग १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मॉँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि त्या शर्यतीत पहिल्यांदाच ताशी १०० मैलांपेक्षा जास्त सरासरी गाठली. वेगाने जायचं तर उशिरा आणि खात्रीने थांबता आलं पाहिजे, हे सगळ्यांना कळलं. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस आली. पिकअपला मात्र वाट बघावी लागली. शेवर्ले आणि जीएमसीच्या हलक्या पिकअपना पुढचे डिस्क ब्रेक कंपनीकडूनच मिळू लागले ते १९७१ पासून.

आणि इथे दोन्ही इतिहास जुळले. डिस्क जराही डगमगली तर ती पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. म्हणजे ब्रेकचा भरवसा बेअरिंगवर! त्यामुळे डिस्क बेअरिंगच्या हबसकट एकत्र ओतणं स्वस्तही होतं आणि सोयीचंही.

आता त्या एका नटाचं महत्त्व बघा. चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करायचा, आणि शेवटी बोटांनीच बसवायचा. इंचाच्या काही हजारांश भागाइतकी ढील राहिली पाहिजे. जास्त घट्ट, तर बेअरिंग तापून जळणार. जास्त सैल, तर चाक डुगडुगणार आणि पेडल फसवणार. माल भरलेली गाडी घाटात असताना हा फरक जिवाचा असतो. हे प्रमाण जुन्या मेकॅनिकच्या बोटांत असायचं.

पुढे सीलबंद हब आले. बेअरिंगची ढील कारखान्यातच ठरलेली, आणि डिस्क वरून टोपीसारखी चढवायची. डिस्क खराब? फक्त डिस्क बदला. बेअरिंग खराब? अख्खा हब बदला. आपल्या भाषेत, मॉड्यूल सुटे झाले. जास्त सुरक्षित झाले, हेही खरं. फक्त बोटांतलं ते ज्ञान आता कारखान्यातल्या मशीनकडे गेलंय. जुनी पिकअप अजून रस्त्यावर असेल, तर ते ज्ञान असलेला एक माणूस तिला लागतोच. असा कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याच्या हाताखाली एक रविवार नक्की घालवा.