वकिली काय फक्त कोर्टातच होते?

वकिली ती कोर्टातली, हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. बँकांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांबाबत सल्ला देणारा वकील म्हणजे काळा कोट उतरवलेला कारकून. तो परिपत्रके चाळतो, रकाने भरतो आणि वरिष्ठांना हवे ते मत लिहून देतो, असे म्हटले जाते. या समजाला आधारच नाही असे मी म्हणणार नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. बँकेच्या विधी विभागात रुजू होणाऱ्याला सनद स्थगित करून घ्यावी लागते. शिवाय पगार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, हे कोण नाकारील?

तरीही हा समज टिकत नाही.

सल्ला म्हणजे वकिली नव्हे, हा युक्तिवाद न्यायालयापुढे येऊन गेला आहे. परदेशी लॉ फर्मना भारतात संपर्क कार्यालये उघडायला रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली, त्याला ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेने आव्हान दिले. आम्ही कोर्टात उभे राहत नाही, मग अॅडव्होकेट्स अॅक्ट आम्हाला कसा लागू होईल, असा बचाव झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २००९ रोजी तो फेटाळला. कोर्टाबाहेरचे कायदेविषयक काम हीसुद्धा वकिलीच, असे ठरले. २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

परिपत्रक वाचायला वकील कशाला, असेही विचारतात. १२ फेब्रुवारी २०१८ चे परिपत्रक घ्या. दोन हजार कोटी किंवा त्याहून अधिक रकमेच्या थकीत कर्जावर १८० दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कर्जदाराला दिवाळखोरी प्रक्रियेत न्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. मजकुरात संदिग्धता नव्हती. पण बँकिंग नियमन कायद्याचे कलम ३५एए विशिष्ट थकबाकीबाबत, केंद्र सरकारच्या अधिकारपत्रानुसारच असा आदेश देऊ देते. सरसकट सर्वांना लागू होणारे ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने धरणी शुगर्स प्रकरणात २ एप्रिल २०१९ रोजी रद्द केले. नुसते परिपत्रक वाचणाऱ्याला हा धोका कधी दिसला असता? त्यासाठी परिपत्रकामागचे कलम वाचावे लागते. हे कारकुनाचे काम नव्हे.

खाते ‘फ्रॉड’ ठरवण्याचा प्रश्न तर याहून नाजूक. तसा शिक्का बसलेल्या कर्जदाराला कर्जाची दारे वर्षानुवर्षे बंद होतात. पण रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांत त्याचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नव्हती. राजेश अग्रवाल प्रकरणात २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचे तत्त्व त्यात अभिप्रेत आहे असे ठरवले, आणि १५ जुलै २०२४ च्या सुधारित निर्देशांत कारणे दाखवा नोटीस व उत्तरासाठी किमान २१ दिवस आले. आज अशी फाइल बँकेच्या वकिलाच्या टेबलावर येते तेव्हा तो काय पाहतो? नोटिशीत नेमके व्यवहार नोंदले आहेत का? फॉरेन्सिक ऑडिटच्या निष्कर्षांवर कर्जदाराला बोलू दिले का? आदेशात त्याच्या उत्तराची दखल आणि कारणे आहेत का? यातले एक जरी चुकले तरी आदेश उच्च न्यायालयात कोसळू शकतो. बँकेचा माणूस असूनही इथे तो कर्जदाराचा हक्क राखतो.

राहिला स्वातंत्र्याचा आक्षेप. तो सर्वांत वजनदार आहे. पण फी तर कोर्टातला वकीलही अशिलाकडूनच घेतो. त्याला कोणी कारकून म्हणत नाही. आणि ही अडचण रिझर्व्ह बँकेनेही ओळखली. ११ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकानुसार, बँक नियम पाळते की नाही हे पाहणाऱ्या मुख्य अनुपालन अधिकाऱ्याची मुदत किमान तीन वर्षे हवी, त्याच्याकडे व्यवसायवाढीची जबाबदारी नको, आणि संचालक मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय त्याला मुदतीआधी हलवता येत नाही. नियमाने कणा मिळत नाही, मान्य. पण कणा असलेल्याला आधार मिळतो.

बँकेत ‘नाही’ असे कुणीच म्हटले नाही तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. एका समूहाला किती कर्ज द्यावे याची मर्यादा २०१९ मध्येही होती. तरी पीएमसी बँकेचे बहुतांश कर्ज एकाच बांधकाम समूहात अडकले, आणि त्या सप्टेंबरात ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढण्याची मुभा उरली.

पुरावा समोर आहे. निवाडा वाचकांनी करावा. आणि ‘कोर्टात जमले नाही तर बँकेत जा’ असा सल्ला मिळालेल्या विद्यार्थ्याने आधी धरणी शुगर्सचा निकाल मुळातून वाचावा.