चिकन इनासाल : बाकोलोदच्या कोळशावरची कोंबडी

2022 साली फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहराच्या नगरपरिषदेने चिकन इनासाल ही शहराची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती असल्याचं रीतसर जाहीर केलं. बांबूच्या काडीवर टोचून कोळशावर भाजलेल्या कोंबडीला असा मान मिळणं मला अगदी योग्य वाटतं. नेग्रोस बेटावरच्या या शहरात उतरलेल्या प्रवाशाला ती पहिल्याच संध्याकाळी भेटते: केशरी झळाळीचा तुकडा, शेजारी भाताची मूद आणि वाटीत मिरच्या-लसूण घातलेला शिरका.

तिची सगळी ओळख मुरवणीत आहे. ठेचलेला गवती चहा (आपण चहात घालतो तोच), लसूण, आलं, मिरी, मीठ, कालामान्सी नावाच्या छोट्या लिंबाचा रस, आणि नारळाच्या किंवा उसाच्या रसाचा शिरका. माडाच्या सुरेचं व्हिनेगर गोव्याच्या स्वयंपाकघरात रोजचं असल्यामुळे तिथल्या माणसाला ही आंबट चव परकी वाटणार नाही. मनिलाकडच्या रस्त्यांवर काडीवर भाजलेलं मांस मिळतं ते बहुधा सोया सॉस आणि केळ्याच्या केचपमुळे गोडसर असतं. इनासालचा कल आंबटाकडे. काही घरांत चमचाभर साखर पडते, पण पुढे राहतो तो शिरकाच. साखरेसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटाच्या सर्वांत नावाजलेल्या पदार्थात साखरेला इतकी दुय्यम जागा असावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. साखर बोटीत चढून परदेशी जायची. कोंबडी, शिरका आणि गवती चहा परसातलाच होता.

रंग मात्र दूरचा आहे. भाजताना कोंबडीवर पुन्हा पुन्हा जे तेल फिरवतात त्यात आचुएतेच्या बिया तापवलेल्या असतात. आपल्याकडे बागांमधून दिसणारी शेंदरी ती हीच. मूळची ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. 1565 ते 1815 या काळात मेक्सिकोतलं आकापुल्को आणि मनिला यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत, त्या व्यवहारात ती फिलिपिन्सला पोचली. कोंबड्या तिथे स्पॅनिश येण्याआधीपासून होत्या आणि शिरकाही जुना. म्हणजे या पदार्थात चव स्थानिक आणि रंग अडीचशे वर्षं चाललेल्या सागरी व्यापाराचा. बियांचं हे तेल नुसतं दिसण्यापुरतं नाही. त्याने कातडी कोरडी पडत नाही आणि निखाऱ्यावर थेंब पडला की उठणारा धूर मांसाला लागतो.

आता वादाचा मुद्दा. सामुद्रधुनीपलीकडचं इलोइलो शहरही इनासाल आपलं म्हणतं, आणि त्याला आधार आहे. 1855 साली इलोइलोचं बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. पुढच्याच वर्षी तिथे ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून आलेल्या निकोलस लोनी याने साखरेच्या धंद्याला मोठी चालना दिली. ऊस लावायला जमीन हवी होती आणि ती नेग्रोसवर मोकळी होती. इलोइलोची घराणी पाणी ओलांडून गेली, मळेवाली झाली. मजूरही तिकडूनच आले. भाषा तीच राहिली, हिलिगायनॉन. स्वयंपाकही तोच राहिला. म्हणून भाजण्याची ही रीत दोन्ही किनाऱ्यांची आहे असं मी मानतो. तिला खानावळीचं रूप मात्र बाकोलोदने दिलं.

ते रूप मळेवाल्यांच्या वाड्यांत घडलं नाही. 1970 च्या दशकात क्वाद्रा रस्त्यावर भट्ट्या लावून बसणाऱ्या विक्रेत्यांपासून ही प्रसिद्धी सुरू झाली असं तिथले लोक सांगतात. पुढे ‘मानोकान कंट्री’ नावाची गाळ्यांची रांग उभी राहिली. मानोक म्हणजे कोंबडी. तिथे अख्खी कोंबडी कुणी मागत नाही, भाग मागतात: पेचो म्हणजे छाती, पा-आ म्हणजे पाय, पाकपाक म्हणजे पंख, बातिकोलोन म्हणजे पेटा, आणि जाणकारांसाठी इसोल, शेपटीचा चरबीदार तुकडा. खिशात असतील तेवढ्या पैशांत जेवता यावं अशीच ही मांडणी आहे. 1980 च्या दशकात साखरेचे जागतिक भाव कोसळले आणि नेग्रोसवर अक्षरशः उपासमार झाली. अशा बेटावर एका पंखावर आणि भातावर भागवता येणारं जेवण किती मोलाचं असेल, याचा विचार करावा.

देशभर मात्र हा पदार्थ नेला इलोइलोनेच. 2003 साली एडगर सिया यांनी तिथे ‘मांग इनासाल’ सुरू केलं आणि कोंबडीबरोबर हवा तेवढा भात देऊ केला. 2010 मध्ये ‘जॉलीबी’ या फास्टफूड कंपनीने त्यातला 70 टक्के हिस्सा 3 अब्ज पेसोंना घेतला, 2016 मध्ये उरलेलाही. आज मनिलाच्या मुलांना इनासाल ठाऊक आहे ते या साखळीमुळे, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण मुरवणीचा हात, तेलाचा फिरता कुंचला आणि निखाऱ्याची नेमकी धग ज्यांनी बसवली त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

मानोकान कंट्रीची जुनी जागाही अलीकडे पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि गाळेवाल्यांना दुसरीकडे हलावं लागलं. म्हणून बाकोलोदला गेलात तर मॉलमधली दुकानं सोडा आणि या लहान गाळ्यांपैकी एक शोधा. पा-आ मागा. टेबलावरच्या बाटलीतलं केशरी तेल भातावर ओता, शिरक्यात कालामान्सी पिळा आणि हाताने जेवा. निघताना भट्टीवरच्या माणसाला सांगा, कोंबडी उत्तम झाली होती.