जटेपासून वेणीपर्यंत

वाचकहो, केसांनाही इतिहास असतो असे म्हटले तर आपण कदाचित हसाल. इतिहास म्हटला की आपल्याला अजिंक्यताऱ्याचा वेढा आठवतो, सांगलीचे संस्थान आठवते, पत्रीसरकार आठवते. न्हाणीतल्या शिकेकाईला आणि कोनाड्यातल्या फणीला त्यात जागा कुठली? पण सातारा-सांगलीकडच्या बायकांच्या डोक्यावरच्या केसांचे गेल्या दीडशे वर्षांत काय काय झाले हे पाहू लागले की त्यात धर्म, रूढी, वैद्यक आणि कायदा असे सारेच गुंतलेले दिसते. त्या गुंत्याचे एक टोक आज आपण हाती घेऊ. ते टोक म्हणजे जट.

जट आपण पाहिली असेल. माणदेशातल्या एखाद्या गावी, जतेच्या बाजारात किंवा मिरजेच्या स्टेशनावर एखादी बाई दिसते. कपाळ भरून हळदीकुंकू आणि डोक्यावरून खाली आलेला केसांचा दोरखंडासारखा कडक पीळ. कुणी वाटेत थांबून तिला हात जोडते, कुणी मूल कडेला ओढते. तिच्याशी नेहमीसारखे बोलणारे मात्र थोडे.

ही जट होते तरी कशी? केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले दिसतात. डोक्याला तेल-पाणी नाही, फणी नाही, आजारपणात महिनोन्‌महिने अंथरुणावर डोके घासले गेले, उवा झाल्या, खवडे होऊन लस वाहिली, की हे खवले एकमेकांत अडकतात. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. तेही बाहेर न पडता त्याच गुंत्यात राहतात. धनगर लोकर ओली करून, दाबून तिचे जेन करतो. तेच इथे डोक्यावर आपोआप होते. सुरुवातीला तो नुसता गुंता असतो. तेल लावून, थोडा वेळ घेऊन तो सुटतो. पण नेमके त्याच वेळी घरातले वडीलधारे माणूस म्हणते, ‘हात लावू नका गं, देवीची जट आलीय!’ तेल बंद, फणी बंद. मग जट वाढणार नाही तर काय होईल?

देवीची म्हणजे बहुधा यल्लम्माची. तिचे मोठे ठाणे बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीला. सांगली, सातारा, कोल्हापूरकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आली आहेत. जट येणे म्हणजे देवीचे बोलावणे, आणि ती कापली तर घरात मरण येते, अंगावर कोड उठते, डोळे जातात, अशी समजूत. एखाद्या गरीब घरच्या लहान मुलीला जट आली की तिला देवाला सोडण्याचे कारण मिळे. गळ्यात माळ, हातात परडी आणि पुढचे आयुष्य जोगव्यावर. लग्न नाही, घर नाही. कित्येकींच्या नशिबी पुढे शहरातली बदनाम वस्ती आली. एक डोके विंचरायचे राहिले आणि एक जन्म त्यापायी गेला, असा हा हिशेब आहे.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच मुलखात, कऱ्हाडजवळ टेंभू येथे 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले आणि विधवांच्या केशवपनावर कडाडून टीका केली. नवरा वारला की बाईचे केस उतरवायचे, ही उच्चवर्णीयांची चाल होती. ज्योतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली असे वपन करायचे नाही असे ठरवले. म्हणजे पाहा, एका घरात बाईचे केस वाढू द्यायचे नाहीत आणि दुसऱ्या घरात ते कापू द्यायचे नाहीत! दोन्ही चाली एकमेकींच्या उलट दिसतात, पण मूळ एकच. डोके तिचे, केस मात्र दुसऱ्यांच्या मालकीचे.

कायद्याने काय केले? सौंदत्ती तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. 1934 साली मुंबई सरकारने मुली देवाला सोडणे बेकायदा ठरवले आणि देवदासीचे लग्न कायदेशीर मानले. कर्नाटकाने 1982 साली आणि महाराष्ट्राने 2005 साली याविषयी नवे कायदे केले. हे सारे आवश्यकच होते. पण कायदा विधी थांबवू शकतो, मनातली भीती तो कशी काढणार?

ही भीती आपल्याकडेच आहे असेही नाही. युरोपात पोलंडच्या खेड्यांतून अशाच जटा होत्या. तिथले लोक त्यांना ‘कोल्तून’ म्हणत. जट शरीरातला रोग बाहेर ओढून घेते, ती कापली तर माणूस आंधळा होतो किंवा त्याला वेड लागते, अशी तिथलीही समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूव्हचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ दित्ल यांनी या जटांचा अभ्यास करून दाखवून दिले की हा स्वतंत्र रोग नव्हेच; दारिद्र्य, अस्वच्छता आणि अंधसमजूत यांचा तो परिणाम आहे. देश वेगळा, धर्म वेगळा. भीती मात्र तीच.

आपल्याकडे हे काम साताऱ्यातून उभे राहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मिरजेस घेतले. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कित्येक वर्षे झटले तो त्याच वर्षी संमत झाला. त्यांच्या पश्चातही समितीच्या कार्यकर्त्यांनी शेकडो बायकांच्या जटा उतरवल्या आहेत.

यातली खरी मेहनत कात्रीची नव्हे, बोलण्याची आहे. कार्यकर्ती घरी जाते, चहा घेते, देवीविषयी वावगा शब्द काढत नाही. मान दुखते का, रात्री कुशीवर निजता येते का, एवढेच विचारते. बाई कबूल होते, तर सासू अडते. सासू वळते, तर गल्ली काय म्हणेल हा प्रश्न येतो. कधी कधी वर्ष जाते. मग एके दिवशी बाई म्हणते, ‘काढा बाई, काय व्हायचं ते होऊ दे.’ जट मुळाशी कापायला फार वेळ लागत नाही. त्या रात्री घरात कुणाला झोप येत नाही. सकाळी सगळी माणसे जागच्या जागी असतात, गोठ्यात म्हैस धड उभी असते, आणि बाईला उशीवर डोके टेकता आलेले असते.

आणि नंतर? केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. पाडव्याला जट उतरवली तर दसऱ्यापर्यंत दोन-अडीच इंच केस येतात आणि पुढच्या पाडव्याला पाच इंचांच्या आसपास. आज साताऱ्या-सांगलीतल्या मुली पार्लरात जाऊन औषधाने केस सरळ करून घेतात. त्यांचाही मुळातून येणारा नवा केस पहिल्यासारखाच येतो. डोक्यावर वरून काय लादले होते याची मुळाला दादच नसते. मुळातून येतो तो केस कुठल्याही बाईचा स्वतःचाच.

कुणी साधू स्वखुशीने जटा वाढवतो, तो त्याचा प्रश्न. तिला मात्र कुणी विचारलेच नव्हते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात, शेजारी किंवा शाळेत एखाद्या पोरीच्या केसांत गुंता दिसला तर हळदीकुंकू शोधू नका. कोमट तेल घ्या, तिला पायरीवर पुढ्यात बसवा आणि टोकाकडून हळूहळू सोडवायला लागा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते राहिले, तर त्याची किंमत त्या पोरीला जन्मभर मोजावी लागते.