व्यक्तिचित्रणातील भिंग : स्थिर केंद्रांतर की चल केंद्रांतर?

जुन्या व्यक्तिचित्रांचा इतिहाससाधन म्हणून उपयोग करताना चित्रातील व्यक्ती, तिचा पोशाख आणि चित्राचा काळ यांची चिकित्सा होते. ज्या भिंगातून ते चित्र उतरले त्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. वस्तुतः केंद्रांतर कायम असणारे भिंग, म्हणजे प्राइम, आणि ते कमीजास्त करता येणारे भिंग, म्हणजे झूम, यांतील निवड ही केवळ साधनाची निवड नव्हे. छायाचित्रकार आणि समोरची व्यक्ती यांच्यामधील अंतराचा प्रश्न तीत गुंतलेला असतो.

व्यक्तिचित्रणासाठी खास गणिताने सिद्ध केलेले पहिले भिंग व्हिएन्ना येथील योझेफ पेत्सव्हाल याने १८४० मध्ये योजिले व फोग्टलेंडर या कारखान्याने ते तयार केले. त्याचे छिद्रमान सुमारे एफ/३·६ होते. तत्पूर्वीच्या भिंगांच्या मानाने ते पंधरा-वीस पट अधिक प्रकाश घेई. त्यामुळे कित्येक मिनिटे निश्चल बसण्याची शिक्षा संपून काही सेकंदांत चेहरा टिपणे शक्य झाले. त्यात चित्राचा मध्य रेखीव येई व कडा अस्पष्ट होत. निसर्गचित्रात जो दोष, तोच चेहऱ्याच्या बाबतीत गुण ठरला. केंद्रांतर मात्र अचल असल्यामुळे आसन आणि कॅमेरा यांच्या जागा चित्रशाळेत जवळजवळ ठरून गेल्या.

ही पद्धती दख्खनमध्ये लवकरच रुजली. मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. धाराशिवचा प्रदेश ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने राजा दीनदयाळ यांनी काम केले. त्यांच्या संस्थेने १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळी चित्रशाळा उघडली व तिची व्यवस्था एका स्त्री-छायाचित्रकाराकडे सोपविली. व्यक्तिचित्रातील अंतर हे प्रकाशशास्त्राइतकेच समाजव्यवस्थेनेही ठरत असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रणासाठी पहिले झूम भिंग १९५९ मध्ये आले. फ्रँक बॅक याने योजिलेले ३६ ते ८२ मिलिमीटरचे ते ‘झूमर’ भिंग बाजारात आणले ते त्याच फोग्टलेंडरने. छायाचित्रकाराने जागा न सोडता चौकट बदलण्याची सोय त्याने दिली. तथापि तिच्यासाठी अधिक काचा, अधिक वजन आणि बहुधा लहान छिद्रमान ही किंमत मोजावी लागली.

येथे एक प्रचलित समज तपासणे अवश्य आहे. लांब केंद्रांतराचे भिंग चेहरा सपाट करते व आखूड भिंग नाक मोठे करते, असे म्हटले जाते. यथार्थदर्शन मात्र भिंगावर नव्हे, तर केवळ अंतरावर अवलंबून असते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली १२ सेंटिमीटर धरली, तर ५० सेंटिमीटरवरून काढलेल्या चित्रात नाक कानाच्या तुलनेने सुमारे २४ टक्के मोठे दिसते. २ मीटरवरून हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. झूमची कडी फिरविल्याने हे प्रमाण बदलत नाही, फक्त चौकट बदलते. धोका असतो तो असा, की चौकट कडीने जुळविणारा छायाचित्रकार स्वतः कोठे उभा आहे याकडे लक्ष देत नाही. ८५ मिलिमीटरचे स्थिर भिंग असल्यास डोके व खांदे चौकटीत बसविण्यासाठी त्याला सुमारे २ मीटरवर उभे राहावेच लागते.

धाराशिव जिल्ह्यात या विवेचनाला तातडीचे महत्त्व आहे. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत भारतीय सैन्य पहिल्याच दिवशी नळदुर्गास पोहोचले; त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सास्तूर व उमरगा परिसरातील घरे पाडली; अशा पडझडीत भिंतीवरच्या तसबिरीही वाचत नाहीत. मौखिक इतिहासाबरोबर साक्षीदारांची व्यक्तिचित्रे घ्यावयाची, तर ती परस्परांशी ताडून पाहता यावीत हे आवश्यक, आणि त्यांतील कित्येकांची दुसरी बैठक होण्याचा संभव नाही. अशा कामी एकच स्थिर भिंग व एकच अंतर ठेवणे श्रेयस्कर. शिवाय त्याच्या मोठ्या छिद्रमानामुळे वाड्याच्या अंधाऱ्या ओसरीतही दिव्याविना काम भागते. उलट तुळजापूरच्या नवरात्रातील गर्दीत जेथे पाऊल मागेपुढे घेणे अशक्य, तेथे झूमच उपयोगी.

झूमच वापरणे भाग पडले, तर कडी एका आकड्यावर स्थिर ठेवून आसनापासूनचे अंतर दोरीने मोजावे. अंकीय चित्राबरोबर केंद्रांतराची नोंद बहुधा आपोआप होते. अंतराची विश्वसनीय नोंद मात्र सहसा होत नाही. ती व्यक्तीचे नाव, गाव व दिनांक यांच्याशेजारी हाताने लिहावी लागते.