सुईचा गळ आणि परक्याचे पाणी

सन 1496 मध्ये वेस्टमिन्स्टरचा मुद्रक विंकिन द वर्ड याने गळाने मासे धरण्याच्या कलेवरील एक लहानसा प्रबंध छापला. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका संन्यासिनीला देते. हा प्रबंध त्याने स्वतंत्रपणे काढला नाही. ससाण्याची शिकार, मृगया आणि सरदार घराण्यांची कुलचिन्हे यांविषयीच्या एका जाडजूड ग्रंथात तो गोवला. याचे कारणही त्याने नमूद करून ठेवले आहे. स्वस्त चोपडे निघाले, तर ते कोणाही रिकामटेकड्याच्या हाती पडेल आणि असे लोक या खेळाचा नाश करतील, अशी त्याला धास्ती होती.

मौज अशी, की त्या प्रबंधात सांगितलेले साहित्य गरिबाच्या घरीच तयार होण्यासारखे होते. काठी हेझल किंवा विलो या झाडांची. हिवाळ्यात तोडून, उष्णतेवर सरळ करून वाळविलेली. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची; अगदी चिमुकल्या माशाला एक केस पुरे, तर सॅमनला पंधरा. गळ म्हणजे शिंप्याची वा चांभाराची सुई: निखाऱ्यावर लाल करावी, चाकूने तिला काटा काढावा, वाकवावी आणि पुन्हा तापवून पाण्यात विझवावी. पैसा लागावा असे यात फारसे काही नव्हते.

तथापि काठी घरची झाली, तरी पाणी परक्याचेच होते. इंग्लंडात गोड्या पाण्यातील माशांचीही प्रतवारी लागलेली आहे. सॅमन आणि ट्राउट हे मानाचे मासे. रोच, ब्रीम, टेंच, पर्च इत्यादी उरलेले सारे ‘कोर्स’, म्हणजे हलक्या प्रतीचे. मानाच्या माशांचे वाहते प्रवाह बहुधा जमीनदारांच्या मालकीचे असत. कामगाराच्या वाट्याला येत ते कालवे, तळी आणि संथ नद्या. पावाच्या पिठाची गोळी, गांडूळ किंवा माशीची अळी एवढेच आमिष त्याला पुरे होई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डच्या चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यांतील कारागिरांनी या अडचणीतून वाट काढली. दिवसभर सहाणेच्या धुळीत राबणाऱ्या या माणसांना शनिवारची अर्धी सुट्टी मिळू लागली होती. त्यांनी गुत्त्यांतून मंडळ्या स्थापल्या, पेनी-पेनी वर्गणी जमविली आणि एकट्याला न परवडणारा नदीकाठ मिळून खंडाने घेतला. रेल्वे कंपन्यांनीही सवलतीची तिकिटे दिली; लिंकनशरमधील विदम नदीचे काठ शेफील्डकरांनी गजबजू लागले. त्या काळच्या पुष्कळ काठ्या ‘कलकत्ता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेळूच्या असत. हुगळीच्या धक्क्यावरून गेलेला बांबू अशा रीतीने यॉर्कशरच्या कामगाराच्या हाती पोहोचला होता.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्यांच्या हातून माशांचा नाश होईल असे मुद्रकाला वाटले होते, त्याच वर्गातून माशांच्या रक्षणाची मागणी पुढे आली. शेफील्डचे लोकसभा सदस्य ए. जे. मंडेला यांनी ती पार्लमेंटात मांडली आणि 1878 मध्ये गोड्या पाण्यातील माशांसंबंधीचा कायदा संमत झाला. 15 मार्च ते 15 जून हा अंडी घालण्याचा काळ. या काळात हलक्या प्रतीच्या माशांनाही अभय मिळाले. वर्षातील तीन महिने, तेही वसंतातले, या कष्टकऱ्यांनी आपल्या एकुलत्या एका करमणुकीतून स्वखुशीने वजा करून घेतले. 1903 मध्ये गावोगावच्या मंडळ्यांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर केस व रेशमी तंतू यांची जागा नायलॉनने घेतली आणि वेळूची जागा काचतंतूने. 1995 मध्ये बहुतेक तळ्यांवरील बंदी उठली; इंग्लंडातील नद्यांवर मात्र ती आजही पाळली जाते. 16 जूनच्या पहाटे अंधार पुरता सरलेलाही नसताना माणसे काठावर येऊन बसतात. त्यांतील कित्येकांच्या डब्यात आजही शिळ्या पावाची कणीकच असते.